गवार फलाट क्रमांक दोनवर

दसरा झाला की नगरमधल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीचा एक कोपरा मी हक्क नसताना बळकावतो. तिथं बायकोची जुनी पातळं अंथरून गवार, वांग्याच्या चकत्या आणि कारल्याच्या गोल फोडी वाळत घालतो, आणि मग दिवसभर मला त्याचं वाईट वाटत राहतं. तळमजल्यावरच्या वहिनींना चादरी टाकायला जागा उरत नाही म्हणून वाईट वाटतं. पातळांवर हळदीचे डाग पडतात म्हणून वाटतं. बायको म्हणते, "एक तर वाळवू नका, नाहीतर वाईट वाटून घेऊ नका. दोन्ही एकदम करू नका."

तिचं बरोबर आहे. वाळवायची सवय मला तिसगावात लागली. ज्यांनी ती लावली त्यांनी माझ्या दुसऱ्या सवयीवरही पुष्कळ उपचार केले, पण ते फारसे लागू पडले नाहीत.

बँकेच्या तिसगावच्या शाखेत माझी बदली झाली तेव्हा मुलाची दहावी होती आणि वडिलांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं होतं. सगळा संसार बायकोच्या गळ्यात टाकून मी आठवडाभर तिकडे राहायचो. तिथं मला निवांत झोप लागायची, आणि सकाळी उठल्यावर निवांत झोप लागली याचा पश्चात्ताप व्हायचा. बाजारतळाच्या मागे एका घरात वरची एकच खोली भाड्यानं मिळाली. खोलीचं दार उघडलं की समोर गच्ची. पहिल्या सकाळी मी दात घासत दाराबाहेर आलो आणि खणखणीत आवाज कानावर पडला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. गवार फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. भेंडी फलाट क्रमांक एकवरून सुटण्याच्या तयारीत आहे. पाथर्डीहून येणारी वांगी काही कारणास्तव उशिराने धावत आहेत. प्रवाशांच्या होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

गच्चीच्या मधोमध माझे घरमालक उभे होते. उंच, काटकुळे, खाकी पँट, वर बनियन, डोक्याला ओला पंचा, गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी. उजव्या हाताची मूठ त्यांनी तोंडासमोर माईक धरल्यासारखी धरलेली. मी तोंडातला फेस सांभाळत म्हणालो, "माफ करा, मी मध्ये आलो का?"

"मध्ये नाही, फलाटावर आलात. जरा मागे सरका."

खाली पाहिलं तर माझी टाच गवारीच्या पातळावर होती. मी पुन्हा माफी मागितली. मागे सरकलो तो भेंडीवर. तिसऱ्यांदा मागितली. त्यांनी मला नीट निरखलं आणि खालच्या जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "अहो, ऐकलं का! दिलगीर साहेब आलेत भाड्यानं."

त्या दिवसापासून तिसगाव सोडेपर्यंत मी दिलगीर साहेब होतो. पुढे बँकेतले खातेदारही तसंच म्हणायला लागले.

त्यांना स्वतःला सगळं गाव कंट्रोलर म्हणायचं. श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर त्यांनी आयुष्य काढलं होतं, ते त्या जाळीच्या खिडकीमागे. कुठली गाडी कुठं लागली, कुठली किती उशिरा आहे, हे माईकवरून सांगायचं आणि गाड्या वेळेवर सोडायच्या. निवृत्त होऊन ते गावी परतले, तो आवाज तेवढा सोबत घेऊन आले. घरात पाहुणे आले तरी ते "नेवासा मार्गे मामा आलेले आहेत" असं आत कळवायचे. त्यांच्या तोंडी दोन भाषा होत्या. माईकची शुद्ध होती. रागावले की तिसगावची बाहेर यायची.

वाळवण म्हणजे उन्हाळ्याचं काम, एवढं मलाही माहीत होतं. माझी आई चैत्र-वैशाखात कुरडया-पापड करायची. हा माणूस मात्र दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत, ऑक्टोबरच्या उकाड्यात, बाजार उचलून गच्चीवर आणायचा. मी एकदा भीत भीत विचारलं.

"उन्हाळ्यात भाजी कुठंय साहेब? भाजी आत्ता आहे. पावसावरची गवार, पावसावरची वांगी, कोवळी, स्वस्त. आणि ऊन म्हणाल तर वैशाखातलं ऊन म्हणजे विनाथांबा गाडी. वरून करपवतं, आत ओलं ठेवतं. हे आश्विनातलं ऊन साधी गाडी आहे. प्रत्येक थांब्यावर थांबतं. उशीर होतो, पण माणूस दारात उतरतो."

त्यांची पद्धत ठरलेली होती. गवारीची दोन्ही टोकं मोडून दोरा काढायचा, मिठाच्या उकळत्या पाण्यात ती टाकायची आणि रंग उजळला की लगेच उपसायची. त्यात एक क्षण इकडेतिकडे झालेला त्यांना चालायचा नाही. पातेल्यावर वाकून ते स्वतःच शिट्टी फुंकायचे आणि स्वतःच दचकून चाळण उचलायचे. वांग्याच्या चकत्या हळद-मिठाच्या पाण्यातून. कारल्याच्या बिया काढून गोल फोडी, त्यांना नुसतं मीठ. मिरच्यांना चीर देऊन धणे-मेथीचा मसाला भरून त्या ताकात. मेथीला ऊन दाखवायचं नाही. ती माझ्या खोलीत, माझ्या कॉटखाली, वर्तमानपत्रावर. माझ्या कपड्यांना इतका मेथीचा वास यायचा, की कॅशियर मला मधुमेह आहे का असं हळूच विचारून गेली.

आणि वाळलं की नाही हे ते कानानं ठरवायचे. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. ओंजळभर गवार घेऊन कानापाशी खुळखुळवायची. "ऐका." मी ऐकायचो. मला काही कळायचं नाही. "मुकी आहे अजून. उद्या बोलेल." दुसऱ्या दिवशी पुन्हा कान. अशी तीच तीच गवार मी आठवडाभर ऐकली आहे. मग एके दुपारी ती खरंच खडखडली, कोरड्या पानासारखी, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की जणू गवारीनं त्यांचं नाव घेतलं होतं.

शिट्टी होती ती चोरांसाठी. शेजारची शेळी जिना चढून यायची, खारी यायच्या, चिमण्या यायच्या. हे खालच्या ओसरीवरून शिट्टी फुंकायचे आणि ओरडायचे, "विनातिकीट! उतर खाली!" शेळी शहाणी होती, उतरायची. खारींनी कधी जुमानलं नाही.

या सगळ्याचा त्रास एकाच व्यक्तीला होता. कंट्रोलरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना. त्या गच्चीवर पाऊलही ठेवायच्या नाहीत. मला जिन्यात गाठून म्हणायच्या, "भाऊ, तुम्ही बँकेत हिशेब बघता, तुम्हीच सांगा. चांगली भाजी येते ती सगळी वर जाते. मला काय राहतं? दोडक्याच्या शिरा, भोपळ्याच्या साली, वांग्याची देठं. सवाष्ण बाई, दिवाळीच्या तोंडावर साली खाते!" मी जेवायला त्यांच्याकडेच होतो. साली खरंच रोज असायच्या, पण काकूंच्या हातच्या त्या तीळ घातलेल्या सालीच्या चटणीसाठी मी भाकरी जास्तीची मागायचो आणि मग त्यांच्या वाटची खाल्ली म्हणून अस्वस्थ व्हायचो. एकदा तसं बोलून दाखवलं. काकू म्हणाल्या, "खाल्लीत ना? मग पचवा आता."

एका दिवशी कंट्रोलर पेन्शनच्या कामाला पाथर्डीला गेले होते आणि गच्ची माझ्यावर सोपवून गेले होते. दुपारी मी बँकेत असताना कुठून तरी ढग आला आणि शिंतोडे टाकून गेला. मी धावत आलो तोवर कारली ओली झालेली. संध्याकाळी ते परत आले तेव्हा मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा होतो. "काका, माझी चूक झाली. मी ढग बघायला हवा होता. जेवणाच्या सुट्टीत यायला हवं होतं. तुम्ही विश्वासानं..."

"पाऊस तुम्ही पाडला का?"

"नाही."

"मग बाजूला व्हा, मला वर जाऊ द्या." वर जाऊन त्यांनी कारली हातात घेऊन पाहिली, पातळ बदललं, आणि खाली बसून शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्हाला म्हणून सांगतो. मी उभ्या आयुष्यात जितका दिलगीर झालो तितका या तालुक्यात कुणी झाला नसेल. रोज सकाळ-संध्याकाळ, माईकवरून, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा. त्यानं एक गाडी लवकर आली नाही. तो माईकचा शब्द आहे. माणसानं घरात वापरू नये."

मग पातळाची सुरकुती काढत, "आणि दुसरं एक सांगतो. कंट्रोलर गाडी सोडतो. ती पोचली का, हे त्याला कुणी येऊन सांगत नाही. आता तुम्ही कारली उलटा."

एवढं वाळवून ते करायचे काय, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. घरात माणसं दोन. मुलगी पुण्याला दिलेली, तिला वाळली भाजी आवडायची नाही. उत्तर एका रविवारी जिना चढून वर आलं. नऊवारी लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, हातात काठी असून ती टेकायची नाही, नुसती मिरवायची. आल्या आल्या तिनं ताकातली मिरची उचलून तोंडात टाकली.

"दादा, मीठ कमीय."

"अजून मुरली नाही. खाली ठेव. तिकीट काढलंस का?"

"हे बघा वो साहेब, सख्ख्या भनीला तिकीट मागतोय!"

ही त्यांची धाकटी बहीण, हौसाबाई. तिसगावापासून जवळच एका वस्तीवर राहायची. घरी थोडी कोरडवाहू जमीन, पाऊस झाला तर बाजरी. दिवाळी झाली की ती आणि तिचा नवरा मुकादमाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला निघायचे, कोल्हापूरकडच्या कारखान्याला, ते उन्हाळ्यापर्यंत. उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, मुक्काम. तिथं भाजी मिळायची नाही, मिळाली तर बाजाराला जायला सवड नसायची. गच्चीवरची सगळी गवार, सगळी वांगी, सगळी कारली, एक पोतं भरून दरवर्षी तिच्याबरोबर जायची. म्हणून आश्विनातलं ऊन. आमच्याकडे उन्हाळ्यात वाळवतात, कारण आम्ही घरीच असतो. यांच्या आईनं आश्विनात वाळवलं, कारण कार्तिकात तिला निघायचं असायचं.

"आई-बा बी जायचं," हौसाबाई मला म्हणाली. तिला सांगायला आवडायचं. "निघताना दोघांतल्या एकाला आजीपाशी ठिवायचं अन् एकाला संगं न्यायचं. बैलामागं कुणीतरी पायजे ना. ह्यो बैलाला भ्यायचा."

"मी भीत नव्हतो. अंतर ठेवून होतो."

"लई अंतर! बैल गोठ्यात आन् ह्यो माळवदावर. मी न्हाई भ्यायचे. म्हनून मी गेले आन् ह्यो साळंत गेला. बरंच झालं की. ह्याच्या हाती कोयता दिला आसता तर पैल्या दिशी सोताचंच बोट तोडलं आसतं."

"प्रवाशांनी चालकाशी विनाकारण बोलू नये," कंट्रोलर म्हणाले आणि पातेल्यावर वाकले.

ती हसत हसत निघून गेली. दिलगिरी हा माझा खास विषय असल्यामुळे मला राहवलं नाही. मी म्हणालो, "काका, तुम्हाला कधी वाटतं का, की तुम्ही शिकलात आणि ताई..."

त्यांनी शिट्टी फुंकली. गवार उपसायची वेळ झाली होती. त्या विषयाची गाडी तिथंच थांबली.

मात्र त्या दिवसानंतर मी गच्चीकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो. चैत्रात त्यांनी स्वतःसाठी ठेवलेली मूठभर गवार मला खाऊ घातली. गरम पाण्यात भिजवलेली, लसूण, शेंगदाण्याचं कूट आणि येसराचा मसाला घालून शिजवलेली. चिवट, खारट, आणि इतकी चवदार की ताजी गवार पुढे मला पाणचट वाटायला लागली. जेवता जेवता ते म्हणाले, "आज तिकडं हीच असेल ताटात." एवढंच.

आता त्याच्या पुढच्या वर्षाचं सांगतो.

परतीचा पाऊस त्या वर्षी हलायला तयार नव्हता. दसरा ओला गेला. दसऱ्यानंतर हौसाबाईचा फोन आला. कंट्रोलर फोन नेहमी स्पीकरवर ठेवून बोलायचे, त्यामुळे सगळं मला ऐकू आलं.

"दादा, यंदा आमची गाडी दिवाळीच्या आदीच निघन म्हणत्यात. कारखाना लवकर पेटतोय."

"कोण म्हणतं?"

"मुकादम."

"त्याला सांग, ठरलेल्या वेळेआधी गाडी सोडता येत नसते. उशीर चालतो. आधी नाही. नियम आहे."

"आरं, ती काय तुझी एसटी हाय व्हय?"

"गाडी ती गाडी."

त्यांचा यावर खरोखर विश्वास होता. आयुष्यात त्यांनी एकही गाडी वेळेआधी सोडली नव्हती. धावत येणारी म्हातारी दिसली तर उलट थांबवली होती. त्यामुळे पाऊस उघडल्यावर त्यांनी घाई केली नाहीच, वर बाजारातून जास्तीची गवार आणली, टोमॅटोही आणले. "दिवाळीपर्यंत वेळ आहे. यंदा दोन पोती देऊ." गच्ची भरली, जिन्याचा कठडा भरला, माझ्या खोलीच्या खिडकीचे गज भरले. ऊन पडलं. भाजी नुकती कुठे माना टाकायला लागली होती.

आणि एका दुपारी पुन्हा फोन.

"दादा, आमी उद्या सकाळी निघतोय. ट्रक तिसगाववरनंच जाईन. बाजारतळाच्या कोपऱ्याव थांबवतो म्हनलाय मुकादम, पर लई येळ न्हाई. जेवडं वाळलं आसंल तेवडं दे. नसंल तर ऱ्हाऊ दे बाबा."

बँकेतून मी घरी आलो तेव्हा ते गच्चीवर बाजेवर बसले होते. शेळी फलाट क्रमांक एकवर उभी राहून भेंडी खात होती आणि त्यांनी शिट्टी वाजवली नव्हती. मी शेळीला हाकललं. त्यांच्या मुठीत गवार होती. ती कानाशी नेऊन त्यांनी हलवली आणि माझ्यापुढे धरली. आवाजच नाही. मऊ, ओलसर, मुकी.

"पोत्यात भरली तर परवा बुरशी," ते म्हणाले. "तिनं सांगितलं हुतं मला. मीच म्हनलो, गाडी आदी सुटत नसती." रागावले की येणारी भाषा आली होती, पण राग स्वतःवरच होता. "आता सहा म्हैने काय खाईल ती? मिरची-भाकर."

मी दिलगिरीतला जाणकार, पण पहिल्यांदाच चूक माझी नव्हती आणि ज्याची होती त्याला काय सांगायचं असतं, हे मला कधी शिकावंच लागलं नव्हतं.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. काकू वर येत होत्या. त्यांना गच्चीवर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्या हातात गोधडी शिवायची मोठी सुई आणि जाड दोऱ्याचं रीळ होतं. त्यांनी कमरेवर हात ठेवून सगळी गच्ची एकदा पाहून घेतली.

"एवढा पसारा!" त्या म्हणाल्या. "ओवा."

"काय?"

"ओवा म्हणते. माळा करा. ट्रकला बांधा. कोल्हापूरपर्यंत वारा आणि ऊन दोन्ही आहे, वाळेल जाता जाता. गच्ची जागेवर राहते म्हणून भाजी जागेवरच वाळली पाहिजे असा काही नियम आहे का तुमच्या एसटीत?"

कंट्रोलरांनी बायकोकडे पाहिलं. मग बाजेवरून उठले, पंचा डोक्याला घट्ट बांधला आणि मूठ तोंडासमोर धरली. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. गवार, वांगी आणि कारली यांचा पुढील प्रवास माळेने होईल. टोमॅटोचं आरक्षण रद्द करण्यात आलेलं आहे." टोमॅटोच्या चकत्यांत सुई टिकणारच नव्हती.

मी किराणा दुकानातून सुया आणि सुतळी आणली. गल्लीतल्या बायका आल्या, त्यांच्यामागे त्यांचे नवरे गंमत बघायला आले आणि अडकले. आमचा शिपाई आला. कारल्याच्या कड्यांना सुईची गरजही नव्हती, नुसती सुतळी घालत जायची. गवार आडवी टोचायची, वांगं मधोमध, दोन चकत्यांत बोटभर अंतर, नाहीतर एकमेकींना चिकटतात. काकू सगळ्यांवर नजर ठेवून होत्या. "भाऊ, तुमची माळ सैल आहे." मी सॉरी म्हणालो. सगळी गच्ची हसली. रात्र चढेपर्यंत कठड्यावर, दोऱ्यांवर, माझ्या दारावर माळाच माळा लोंबत होत्या. घर लग्नाचं दिसत होतं.

सकाळी आम्ही त्या माळा बांबूवर घालून बाजारतळाच्या कोपऱ्यावर नेल्या. ट्रक आला. धान्याची पोती, हंडे, गोधड्या, दोन कोंबड्या, माणसं, आणि सगळ्यांच्या वर हौसाबाई. माळा पाहून तिनं तोंडाला पदर लावला.

"आगं बाई! दादा, वरात काढतोस का काय माझी?"

"काका, टायम न्हाई!" मुकादम केबिनमधून ओरडला.

"गाडी फलाटावर लागली आहे," कंट्रोलर म्हणाले. "कंट्रोलर सांगेल तेव्हा सुटेल." आणि मुकादमानं चक्क मान आत घेतली.

ताडपत्रीसाठी ट्रकवर लोखंडी कमानी असतात, त्यांना आम्ही माळा बांधल्या. या कमानीपासून त्या कमानीपर्यंत, आडव्या, तिरक्या. रात्री माळांवर पांघरायला काकूंनी आपली दोन मऊ पातळं वर दिली. ड्रायव्हर म्हणाला, "भाजी मंडई केली राव गाडीची," पण खाली उतरून त्यानं पुढच्या गाठी आमच्यापेक्षा घट्ट मारल्या.

मग कंट्रोलर ट्रकच्या मागे येऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी शर्ट घातला होता, खाकी, निवृत्तीनंतर प्रथमच. मूठ तोंडासमोर गेली. बाजारतळावरची माणसं थांबली.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. तिसगावहून नगर, दौंड, फलटण, कराड मार्गे कोल्हापूरकडे जाणारी गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी सामान सांभाळावे. माळा दिवसा उघड्या ठेवाव्यात, दव पडण्याआधी झाकाव्यात." आवाज नेहमीसारखाच होता, स्वच्छ, सगळ्या चौकात पोचणारा. "प्रवाशांच्या झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही..."

आणि तो थांबला.

मूठ तशीच होती. ओठ हलत होते. जो शब्द त्यांनी श्रीरामपूरच्या स्टँडवर न मोजता उधळला होता, तो त्यांच्या तोंडून निघेना. वर बसलेल्या बहिणीकडे ते बघत होते, आणि तीही हसायची थांबली होती. ती पुढे सरकून ट्रकच्या फळीवर वाकली.

"दादा," ती हळू म्हणाली, "बैलाला तू भ्यायचास, त्यात तुजा काय गुन्हा?" मग नेहमीच्या आवाजात, "समदं गाव ऐकतंय, येड्या. डबल बेल दे आता!"

त्यांनी शिट्टी तोंडात घातली आणि दोनदा फुंकली. ट्रक हलला. कमानींखाली गवार, वांगी, कारली झुलायला लागली आणि नगरच्या रस्त्यावर लांबपर्यंत हलताना दिसत राहिली.

काकू म्हणाल्या, "चला. टोमॅटो सगळे राहिलेत. आज माझ्या घरात ताजी भाजी."

पुढचे काही दिवस कंट्रोलरांनी घोषणा केल्या नाहीत. टोमॅटोची भाजी, टोमॅटोची चटणी, टोमॅटोचं सार, सगळं मुकाट खाल्लं. मग एका सकाळी मी बँकेत निघालो असताना त्यांचा फोन वाजला. स्पीकरवर होताच.

"दादा, पोचलो रं. कोपी बांदली. आता बोलू नको, नुस्तं आयिक."

पलीकडून आधी वाऱ्याचा आवाज आला, कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. मग अगदी जवळून, फोनला घासून, कोरडा, खडखडीत खुळखुळाट.

कंट्रोलरांनी डोळे मिटले होते. स्पीकर चालू असूनही त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. मी ऐकलं. मग ते उठून मोकळ्या गच्चीच्या मधोमध जाऊन उभे राहिले, मूठ तोंडासमोर धरली, आणि शेजारची शेळीसुद्धा मान वर करून बघेल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. गवार पोचलेली आहे."